लाल कोबा, छापाचं अंगण आणि पागोळ्यांचं पाणी

कोब्याच्या, म्हणजे घोटलेल्या सिमेंटच्या जमिनीच्या, दुरुस्तीसाठी फोन आला की समोरचा माणूस भेगेबद्दल बोलत असतो आणि मी पागोळ्यांबद्दल विचारत असतो. पन्हळ आहे का, पावसाचं पाणी जोत्यापासून किती लांब पडतं, मोरीचा पाइप कुठून जातो, मागच्या पावसाळ्यात ओटीच्या कोपऱ्यात ओल आली होती का. लोकांना वाटतं हा विषय टाळतोय. पण आमच्या गुहागर-दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत उरकतो. त्या पाण्याची वाट न बदलता भेग बुजवली, तर पुढच्या भाद्रपदात तीच भेग तुमच्याकडे बघून हसते.

मी गवंड्याचा मुलगा. वडील लाल कोबा घालायचे. मी तेही करतो आणि गेल्या काही वर्षांत अंगणात आलेलं रबरी साच्याने छापलेलं रंगीत काँक्रीटही करतो. खाली लिहिलेलं बहुतेक काम घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. जे जमणार नाही तेही सांगतो.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. रंगीत सिमेंटवरचा जोड दिसणारच. जुन्या कोब्याचा रंग चाळीस वर्षांच्या पावलांनी, तेलाने आणि शेणाच्या पाण्याने झालेला असतो. तो डब्यातून येत नाही. जोड लपवायच्या नादात माणसं सगळ्या ओटीला तेलरंग फासतात आणि मग दर दिवाळीला पापुद्रे खरवडत बसतात. त्यापेक्षा जोड नीट चौकोनी, सरळ रेषेत, भिंतीला समांतर घ्या. फरशीतला तुकडा म्हणून तो डोळ्याला खपून जातो. वेडावाकडा जोड मात्र दारातूनच दिसतो.

आधी तपासणी

एक रुपयाचं नाणं घ्या आणि वीत-वीतभर अंतरावर कोबा ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर वरचा थर खालच्याला धरून आहे. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा. ही रेघ भेगेपेक्षा पुष्कळ मोठी निघते. भेग हाताएवढी आणि पोकळी परातीएवढी, असं नेहमीचं आहे.

मग ओल. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि सोळा तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आत थेंब जमले किंवा खालचा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. अशा जागी वरून कुठलंही चकचकीत लेपन लावू नका. ते ओल आत कोंडतं आणि फोड येऊन सुटतं. आपली जुनी घरं चिऱ्याच्या जोत्यावर, मातीच्या भरावावर बसलेली. त्या भरावाखाली प्लास्टिक घालायची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे ही ओल घरटी सापडते. मेण किंवा तेल तिथे चालतं, कारण ते ओलीला पूर्ण अडवत नाही.

तिसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. कोरड्या पृष्ठभागावर थेंब टाका. पाच मिनिटांनी थेंब तसाच उभा असेल तर वर काहीतरी लेप शिल्लक आहे: मेण, सीलर (वरून लावायचा पारदर्शक लेप), जुना रंग. थेंब शोषून डाग गडद झाला तर सिमेंट उघडं आहे. हे कळल्याशिवाय पुढची कुठलीच बाटली उघडायची नाही, कारण लेपावर टाकलेला क्लीनर सिमेंटपर्यंत पोचत नाही आणि उघड्या सिमेंटवर टाकलेला तेच खातो.

भेग बघून ठेवणं

केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल, कोरड्या तळ्याच्या चिखलासारखं, तर ते कोबा घालतानाचं दुखणं आहे. माल पातळ, वर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलेलं, आणि उन्हात पाणी न मारल्यामुळे वरचा पापुद्रा आधी आकसलेला. ते वाढत नाही. त्याला फोडून दुरुस्त करण्याचा अट्टहास नको. मेण भरलं की भागतं.

एकच लांब भेग असेल तर दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. भेग रेघेच्या पुढे गेली, किंवा एक कड दुसरीपेक्षा खाली बसली, तर जमीन हलते आहे. कोकणात याची कारणं ठरलेली: पागोळ्यांनी धुतलेला भराव, फणसा-वडाची मुळं, आणि घुशी. घुशींना लोक विसरतात. ओटीच्या कडेला मातीचा ताजा ढिगारा दिसला की समजावं, आत बोगदा आहे. अशा वेळी कोब्याचं काम थांबवून आधी बिळाचं तोंड शोधा, बीळ रिकामं असल्याची खात्री करा, आत दगड-खडी ठासा आणि पातळ सिमेंट-वाळूचा माल ओतून भरा. पोकळीवर कितीही उत्तम कोबा घातला तरी तो भाताचं पोतं टेकवलं की बसतो.

भिंतीतून खाली येऊन कोब्यात उतरणारी भेग असेल, चिऱ्याचे सांधे उघडले असतील, तर हे काम माझंही नाही. बांधकामाचा अभियंता बोलवा.

लाल कोब्याचा तुकडा बदलणं

भेग स्थिर आहे आणि भोवताली पोकळ आहे, हे कळलं की खडूच्या रेघेबाहेर चार बोटं सोडून चौकोन आखा. कटर मशीनने पाऊण इंच खोल कापा, पाण्याची धार सोडत. कोरडं कापलं तर घरभर धूळ होते. ती धूळ नुसती घाण नाही, तिच्यातली बारीक सिलिका फुफ्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. एन-95 मास्क आणि डोळ्यांना गॉगल लावा. पाण्याबरोबर विजेचं मशीन चालवताना अर्थ-गळती तोडणारा स्विच असलेल्या बोर्डावरच जोडा. हे नसेल तर मशीनवाल्याला एका दिवसासाठी बोलवा आणि बाकीचं स्वतः करा.

कापल्यावर चौकोनातला सुटा माल छिन्नीने काढा. कडा उभ्या राहू द्या. कडेला माल शून्यापर्यंत पातळ करत नेण्याची सवय गवंड्यांनाही असते आणि त्याच कडा आधी उडतात. तळाला टाचे मारा, म्हणजे छिन्नीने खाचा पाडा, तारेच्या ब्रशने घासा, झाडा, धुवा. खालचं काँक्रीटही भुसभुशीत लागलं तर ते घट्ट लागेपर्यंत काढा.

आदल्या रात्री तळ पाण्याने भरून ठेवा. सकाळी पाणी काढून फडक्याने टिपा. तळ ओलसर हवा, पण चकाकणारं पाणी नको. कोरडा तळ नव्या मालातलं पाणी शोषून घेतो आणि साचलेल्या पाण्यावर माल चिकटत नाही.

आता धरण्याचा थर. बाजारात एसबीआर लेटेक्स मिळतं, सिमेंट धरून ठेवणारा कृत्रिम रबराचा द्रव, दुधासारखा पांढरा. एक भाग लेटेक्स, एक भाग पाणी आणि त्यात सिमेंट कालवून रंगाएवढं दाट करा. ब्रशने तळाला आणि उभ्या कडांना चोळा. तो वाळायच्या आत वर माल पडलाच पाहिजे, म्हणून माल आधी कालवून ठेवा. काही ठिकाणी एसबीआरच्या जागी सुतारकामाचा पांढरा गोंद घातलेला दिसतो. तो पाणी लागलं की परत मऊ होतो. माजघरात एखादं वर्ष काढेल, पडवीत एक श्रावणही नाही.

खालचा माल एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. वाळू नदीची किंवा धुतलेली क्रश सँड. खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू दारात फुकट मिळते, म्हणून लोक वापरतात आणि पुढे सगळं आयुष्य खार पुसत बसतात. माल हातात दाबला तर गोळा व्हावा आणि बोटांमधून पाणी निथळू नये, इतकाच ओला. ठोकून भरा आणि वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा रंगीत थरासाठी ठेवा.

रंगीत थराचं सगळं यश रंगपूड आणि मोजमाप यांच्यात आहे. लाल, पिवळा, काळा हवा असेल तर लोहाचं ऑक्साइड मागा. त्याला सिमेंटचा क्षार आणि ऊन दोन्ही सोसतं. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड. रांगोळीचे किंवा भिंतीच्या चुन्यात घालायचे स्वस्त रंग चालत नाहीत, दोन उन्हाळ्यांत पांढुरके पडतात. प्रमाण वजनाने धरा: एक किलो सिमेंटला जास्तीत जास्त शंभर ग्रॅम. त्याहून जास्त घातलं तर रंग गडद होत नाही, थर कमजोर होतो आणि पायाला लाल लागत राहतं. घरात पांढऱ्या मोज्यांचे तळवे लाल होत असतील तर कुणीतरी मुठीने रंग मोजला होता असं समजा.

रंग जुळवायला बाटल्यांची झाकणं वापरा. साठ, ऐंशी आणि शंभर ग्रॅमच्या हिशेबाने तीन नमुने कालवा, मागे आकडा लिहा, दोन दिवस ओले ठेवून आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग जुन्या कोब्याचा मेण-तेल काढलेला, कोरडा भाग शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. ओल्या मालावरून रंग ठरवू नका, वाळल्यावर तो दोन छटा उतरतो. जुना कोबा बहुधा थोडा काळपट असतो, तेव्हा चिमूटभर काळं ऑक्साइड घालून एक नमुना जास्तीचा करा. ज्या पोत्यातलं सिमेंट नमुन्याला, तेच कामाला. कंपनी बदलली की करडेपणा बदलतो. आणि पोतं तीन महिन्यांपेक्षा जुनं नको.

सिमेंट आणि रंगपूड कोरडीच मिसळा, मैदा चाळायच्या चाळणीतून दोनदा काढा, मगच बारीक वाळू आणि पाणी. खालचा माल अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम खूण उमटेल इतका आवळला की वर रंगीत थर टाका, गुरमाळ्याने सपाट करा, आणि चकाकणारं पाणी जिरल्यावर लोखंडी थापीने घोटा. वर पाणी दिसत असताना घोटू नका, कोरडं सिमेंट भुरभुरू नका. घोटणं हे वाट बघण्याचं काम आहे. थोडं घोटायचं, थांबायचं, परत घोटायचं. वडील शेवटचा हात गुळगुळीत गोट्याने द्यायचे आणि ती तकाकी थापीने अजून मला कुणाच्या कामात दिसलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, दहा. इथे रंगीत कोब्याची खास गोम आहे. नवं गोणपाट घातलं तर त्याचा तपकिरी रंग उतरतो. प्लास्टिक घातलं तर जिथे सुरकुती तिथे फिकट आणि जिथे टेकलं तिथे गडद, असे ढगांसारखे डाग राहतात. जुन्या धुतलेल्या सुती चादरी घाला आणि त्या सारख्या ओल्या ठेवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं वापरा.

कामभर हातात रबरी मोजे. ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि त्याची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. गवंड्याच्या बोटांच्या भेगा या कष्टाच्या खुणा म्हणून कौतुकाने दाखवू नका. त्या मोजे न घातल्याच्या खुणा असतात.

तकाकी आणि डाग

झिजलेला पण घट्ट कोबा असेल तर फोडाफोडीची गरज नाही. आधी जुनं मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने काढा, साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या. पाव किलो मधमाश्यांचं मेण उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा. मग ते पातेलं शेगडीपासून लांब, अंगणात नेऊन त्यात पाऊण लिटर टर्पेंटाइन ढवळा. विस्तवाजवळ हे करायचं नाही, टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. फिकट पडलेल्या भागासाठी याच मेणात दोन चमचे लाल ऑक्साइड घाला. पातळ थर, अर्धा तास थांबणं आणि मग सुती कापडाने जोर लावून घासणं. जाड थर लावला तर चिकट राहतो आणि धुळीने काळा पडतो.

खोबरेलाबद्दल घरोघरी वाद आहे. खोबरेल वाळत नाही, त्यामुळे ओटीवर वाटी ओतून पुसणारे पुढच्या आठवड्यात काळी ओटी बघतात. फडक्याला चार थेंब लावून सणाला फिरवायला हरकत नाही. वाळणारं तेल हवं तर अळशीचं. पण त्याचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर सुटे वाळत घाला.

आमच्याकडचे डागही आमच्यासारखेच. फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, खोबरेल चोळून सुटतो, मग साबण. कोकमाचं आगळ, चिंच, लिंबू हे डाग नाहीतच, ती झीज आहे. आंबट पदार्थ सिमेंटमधला चुना खातो आणि तिथे खरखरीत, निस्तेज ठिपका राहतो. तो पॉलिशपेपरने घासून मेण भरूनच बरा होतो. म्हणून आगळाची बरणी कोब्यावर थेट ठेवू नका, खाली ताट घाला. संडास धुवायचं ॲसिड ओटीवर ओतणाऱ्यांना मी काय सांगू! एका सकाळच्या स्वच्छतेत पन्नास वर्षांचं घोटणं जातं.

गंजाच्या डागांना ऑक्झॅलिक ॲसिड चालतं: चमचाभर कपभर पाण्यात, ब्रशने लावून पाच-दहा मिनिटांत भरपूर पाण्याने धुवायचं. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण तुमचा लाल रंगही लोहाचाच आहे. ही पूड विषारी असते. मुलांपासून लांब आणि स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

कोब्याची पूड सुटत असेल, झाडू मारताना रोज लाल धूळ निघत असेल, तर मेणाने भागणार नाही. लिथियम सिलिकेटचा पातळ द्रव मिळतो. तो सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळून पृष्ठभाग घट्ट करतो. कोरड्या कोब्यावर ब्रशने लावा, वीस मिनिटं ओलं राहू द्या, उरलेलं पुसून टाका. पुसलं नाही तर पांढरे ओघळ वाळतात.

खार

पांढरा थर दिसला की लोक ॲसिडकडे धावतात. हा खार म्हणजे बहुतेक वेळा सिमेंटमधला चुना. पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि चुनखडी होऊन बसतो. पाणी थांबलं की खार थांबतो. पाणी थांबल्याशिवाय तो घासणं म्हणजे महिन्याचं काम वाढवून घेणं.

आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलं तर विरघळणारे क्षार परत आत शिरतात. राहिलेल्यावर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी, तेही आधी जागा साध्या पाण्याने भिजवून, म्हणजे आम्ल वरच्या वर राहतं. बुडबुडे थांबले की धुवा, खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, परत धुवा. रंगीत कोब्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड मी वापरत नाही. साध्या करड्या पायरीवर कुणी वापरणारच असेल, तर पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि त्या दिवशी जवळपास ब्लिचिंग पावडर असू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

छापाचं अंगण

मुंबई-पुण्याहून परतलेल्यांनी अंगणात शेणसारवणाऐवजी हे आणलं: चार इंची काँक्रीट, वर रंगीत हार्डनर (ओल्या काँक्रीटवर भुरभुरून घोटायची रंगीत पूड), रबरी साच्याने दगडी फरशीचा छाप आणि शेवटी ॲक्रिलिक सीलर. दिसतं छान. पण ‘काही करावं लागत नाही’ असं सांगून विकलं जातं, ते खोटं आहे. रंग हार्डनरचा असतो आणि त्याचं रक्षण सीलर करतो. सीलर दोन-तीन वर्षांत झिजतो, गाडीच्या चाकांखाली आणि पागोळ्यांच्या रेघेत त्याहून लवकर. थेंबाची चाचणी दर दिवाळीला करा.

परत सीलर लावायचा तर आधी शेवाळ. बादलीभर पाण्यात मूठभर ब्लिचिंग पावडर कालवून ठेवा, वरचं निवळलेलं पाणी तेवढं घ्या, ब्रशने पसरा, पंधरा मिनिटांनी घासून धुवा. लोहाच्या रंगाला त्याने काही होत नाही. तुळस, अबोलीच्या वाफ्यात हे पाणी जाऊ देऊ नका. प्रेशरची धार मारणार असाल तर नळी हातभर लांब धरा. जवळून मारली की सीलरबरोबर रंगाचा थरही उडतो आणि खालचं करडं काँक्रीट उघडं पडतं.

मग वाळवण, निदान दोन कडक उन्हाचे दिवस. सकाळी दव उडाल्यावर साडेनऊच्या सुमारास काम सुरू करा आणि अकरापर्यंत आटपा. तापलेल्या अंगणावर सीलरला बुडबुडे येतात. लिटरला पन्नास ते पंचाहत्तर चौरस फूट धरा. पातळ दोन हात द्या, जाड एक नको. दुसऱ्या हातात घसरण कमी करणारी बारीक प्लास्टिकची पूड मिसळाच. कोकणच्या पावसात गुळगुळीत सीलर लावलेलं अंगण म्हाताऱ्या माणसांसाठी सापळा आहे आणि खुब्याचं ऑपरेशन अंगणापेक्षा महाग पडतं.

सीलर दुधाळ, पांढुरका झाला असेल तर त्याच्याखाली ओल कोंडली आहे. वर आणखी एक थर देऊन ते झाकत नाही. सीलर ज्या प्रकारचा असेल त्याच कंपनीचा थिनर, बहुधा झायलीन, कोरड्या दिवशी रोलरने पातळ फिरवा. सीलर मऊ होतो, ओल निघून जाते आणि परत पारदर्शक बसतो. मोकळ्या हवेत करा, विडी-काडी लांब ठेवा. पाण्यात मिसळणाऱ्या सीलरवर हा उपाय नेहमी चालत नाही, म्हणून आधी हातभर जागेत करून बघा.

या काँक्रीटला भेगा जाणारच, म्हणून सांधे कापतात. चार इंची थराला आठ ते बारा फुटांवर सांधा आणि इंचभर खोल. तुमच्याकडे वीस फुटांत एकही सांधा नसेल तर मधून गेलेली भेग हा काँक्रीटने स्वतः काढलेला सांधा आहे. उन्हा-पावसाबरोबर ती हलते, म्हणून तिच्यात सिमेंट भरू नका. रंगाला जुळणारं पॉलियुरेथेन सीलंट भरा आणि ओलं असतानाच वर त्याच रंगाची बारीक वाळू भुरभुरा, म्हणजे प्लास्टिकसारखी चमक मरते.

स्कूटरचं ऑइल सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपा. मुरलं असेल तर खडूची पूड आणि डिशवॉशचं द्रावण यांचा लगदा थापा, प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी खरवडा. दोनदा करावं लागतं.

सिमेंटच्या ब्लॉकचं अंगण असेल तर तुम्ही सुखी आहात. बसलेला भाग दोन सपाट पट्ट्यांनी उचलायचा, खाली इंचभर जाड वाळू सारखी करायची, ब्लॉक परत ठोकायचे, फटीत बारीक वाळू झाडायची. खाली सिमेंट ओतू नका. गाडी उभी राहणार असेल तर ब्लॉक साठ मिलिमीटरचे हवेत, पायवाटेला पन्नास पुरतात.

जाळ्या, कठडे, वृंदावन

पडवीच्या सिमेंटच्या जाळ्या आणि कठड्याचे नक्षीचे खांब आतल्या सळईमुळे फुटतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि सिमेंट फोडून बाहेर येतो. वरून गिलावा लावला तर वर्षात परत फुटतो. सळईच्या मागे बोटभर पोकळी होईपर्यंत सिमेंट काढा, तारेच्या ब्रशने लोखंड उघडं करा, झिंकचा प्रायमर लावा आणि लेटेक्स घातलेल्या मालाने भरा. सळई निम्म्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर तो खांब टेकायला सुरक्षित नाही, बदला.

तुळशीवृंदावन मात्र बाहेरून रंगवलं जातं आणि आतून मरतं. कुंडीत माती कायम ओली, तळाला भोक नाही किंवा ते मुळांनी बुजलेलं. पाणी भिंतीतून बाहेर येतं आणि नक्षीवर खार फुटतो. तुळशीच्या लग्नानंतर रोप बदलायची वेळ आली की माती पूर्ण काढा, तळाचं भोक सळईने मोकळं करा, आत सिमेंट-लेटेक्सचे दोन हात द्या, तळाला चार बोटं खडी, वर फाटकी जाळी, मग माती. बाहेरची नक्षी तुटली असेल तर शाबूत बाजूवर तेल लावून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्या. पांढरं सिमेंट आणि बारीक वाळू त्यात भरून तुकडा पाडा, तीन दिवस पाण्यात ठेवा आणि लेटेक्सच्या लगद्याने बसवा.

कधी करायचं

जुलै संपला की फोन सुरू होतात: ‘गणपतीच्या आधी ओटी चकाचक करून ठेवा, आम्ही आदल्या दिवशी पोचतो.’ श्रावणात कोबा वाळत नाही, सीलर पांढरा पडतो, मेण चिकट राहतं. त्या दिवसांत फक्त झाडून, नारळाच्या सोडणाने घासून शेवाळ काढा आणि पायपुसणी टाका. कामाचे दिवस म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. एप्रिल-मेमध्ये करायचं तर सावली आणि पाणी दोन्हीची तयारी ठेवा. मेच्या शेवटी एकच काम करा: पन्हळी साफ, पागोळ्या पडतात तिथे जोत्यापासून लांब ढाळ देऊन खडी.

आणि काम झालं की उरलेली रंगपूड काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा. जुळलेला नमुना तिच्यातच टाका, आणि सिमेंटचं नाव, किलोला किती ग्रॅम, सीलर कुठला, तारीख, हे मीटरच्या पेटीच्या दाराला आतून पक्क्या पेनाने लिहा. चिठ्ठी ठेवू नका, कोकणात ती कसर खाते.